सुला ब्रूट: केकसाठी नव्हे, कुरकुरीत तळणीसाठी

आपल्याकडे फेसाळ वाइनची बाटली बहुतेक वेळा नको त्या क्षणी उघडली जाते. वाढदिवस असतो, समोर क्रीमचा केक असतो. कुणीतरी बाटली हलवून बूच छताला मारतं, निम्मी वाइन फरशीवर सांडते आणि उरलेली केकच्या घासाबरोबर पोटात जाते. मग ‘फारच आंबट आहे बुवा’ असा शेरा पडतो आणि वर्षभर ती वाइन कुणाला आठवत नाही. दोष वाइनचा नसतो. ब्रूट ही कोरडी, म्हणजे गोडवा जेमतेम असलेली वाइन आहे, गोडाशेजारी ती मार खाणारच. तिची खरी जागा मीठ, तेल आणि कुरकुरीतपणा यांच्या शेजारी आहे आणि या तिन्ही बाबतींत मराठी स्वयंपाकघर चांगलंच श्रीमंत आहे. नाशिकच्या सुला ब्रूटकडे या नजरेनं पाहिलं, तर ती आपल्या ताटासाठीच केली असावी असं वाटतं.

आधी लेबलाबद्दल, कारण पहिली फसगत दुकानातच होते. ‘ब्रूट’ हा शब्द वाइनमधल्या साखरेचं माप सांगतो. युरोपातल्या मोजपट्टीनुसार ब्रूटमध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, एक्स्ट्रा ब्रूटमध्ये ६ ग्रॅमपर्यंत, आणि ब्रूट नेचरमध्ये ३ ग्रॅमपेक्षा कमी, तीही वरून न घातलेली. गोंधळ पुढे आहे. ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणजे १२ ते १७ ग्रॅम आणि ‘ड्राय’, ‘सेक’ किंवा ‘सेको’ म्हणजे १७ ते ३२ ग्रॅम. म्हणजे ज्या बाटलीवर ‘ड्राय’ लिहिलंय ती ब्रूटपेक्षा गोड असते! डेमी-सेक तर ३२ ते ५० ग्रॅमची. तळणीबरोबर हवी असेल तर ‘ब्रूट’ हा शब्द पाहूनच घ्या. सुलाचीच ‘ब्रूट ट्रॉपिकाल’ नावाची भावंड-बाटली आहे. तिचा रंग गुलाबीकडे झुकतो आणि फळांचा वास जास्त येतो. ती वाईट नाही, पण या लेखात जे लिहिलंय ते साध्या, फिकट सोनेरी ब्रूटबद्दल आहे. घाईत मागितली तर भलतीच हातात पडू शकते.

हिला शॅम्पेन म्हणू नये. ते नाव फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांतातल्या वाइनपुरतंच राखीव आहे. पद्धत मात्र तीच. दोन पद्धतींतला फरक इथे समजून घ्यायला हवा, कारण चव त्यावरच ठरते. इटलीच्या बहुतेक प्रोसेको वाइनमध्ये बुडबुडे मोठ्या बंद टाकीत तयार होतात आणि वाइन नंतर बाटलीत भरली जाते. पारंपरिक पद्धतीत तयार वाइनमध्ये लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून ती बाटलीतच बंद करतात. यीस्ट साखर खातं, मद्यार्क सव्वा टक्क्यानं वाढतो आणि कोंडलेला वायू वाइनमध्ये विरघळत जातो. दाब पाच-सहा वातावरणांपर्यंत चढतो, मोटारीच्या टायरच्या अडीच-तीनपट. काम संपलेलं यीस्ट तळाशी साका होऊन बसतं आणि महिनोन् महिने वाइन त्याच्याच संगतीत राहते. भाजलेल्या पावासारखा जो वास येतो तो या साक्याचा. पुढे बाटली हळूहळू उलटी करत साका बुचापाशी आणतात, मानेचा भाग गोठवतात आणि झाकण काढताच बर्फाळ साका दाबानं बाहेर उडतो. रिकाम्या झालेल्या जागी थोडी गोडसर वाइन भरून शेवटचं बूच बसतं. ब्रूट, सेक की डेमी-सेक, हे या शेवटच्या भरीवर ठरतं.

शॅम्पेन प्रांतात थंडीमुळे द्राक्षं मुळातच आंबट राहतात. नाशिकला ते आंबटपण कष्टानं राखावं लागतं. इथे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी. त्यामुळे घड हिवाळ्यात भरतात. दिवसा ऊन आणि रात्री बोचरी थंडी, यातच आम्ल टिकतं. साध्या टेबल वाइनची द्राक्षं २२-२३ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) पिकू देतात, फेसाळ वाइनची १८-१९ लाच उतरवावी लागतात. आठवडाभर उशीर झाला तर साखर चढते, आम्ल उतरतं आणि वाइन बसकी होते. सुला ब्रूटचा कणा शेनिन ब्लां या द्राक्षाचा आहे. फ्रान्समधल्या ल्वार खोऱ्याचं हे वाण उन्हातही आंबटपणा सोडत नाही, म्हणून नाशिकला मानवलं. दिंडोरीची शांदों ही फेसाळ वाइन (२०१३ मध्ये बाजारात आली) आणि गंगापूर धरणाजवळच्या यॉर्क वायनरीची ब्रूट, यांतही शेनिन ब्लां आहेच. महाराष्ट्रात ही विद्या मात्र नाशिकच्या आधी नारायणगावात आली. इंडेज कंपनीची ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं तिथे तयार झाली होती.

आता चव. पेल्यात ओतल्यावर फेस झपाट्यानं वर येतो आणि झपाट्यानं बसतो. बुडबुडे चांगल्या शॅम्पेनइतके बारीक नाहीत, थोडे दांडगे आहेत. पहिला वास लिंबाच्या सालीचा, मग हिरव्या सफरचंदाचा, आणि वाइन जरा कोमट झाली की मागून टोस्टचा हलका वास. घोट घेतल्यावर आंबटपणा जिभेच्या दोन्ही कडांना लागतो, मध्ये किंचित गोलाई जाणवते आणि शेवट लवकर होतो. नुसतीच, गप्पा मारत तासभर घुटके घेत बसायला मला ती अपुरी वाटते, तेवढी खोली तिच्यात नाही. पण खारट, तेलकट घासानंतर हाच आखूड, स्वच्छ शेवट उपयोगी पडतो. तोंड धुऊन निघतं आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. शॅम्पेनशी तुलना करून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा कोथिंबीर वडीबरोबर घेऊन पाहावी.

घेताना बाटली कुठे ठेवलेली होती ते पाहा. दुकानाच्या दर्शनी काचेत, उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली महिनोन् महिने उभी असलेली बाटली घेऊ नका. उजेडानं फेसाळ वाइनला उकडलेल्या कोबीसारखा वास येतो आणि उष्णतेनं फळांचा वास मरून जातो. खोक्यातली बाटली मागा. ही वाइन घरी मुरवायचीही नाही. वर्षभरात संपवावी, आणि तोवर कपाटाच्या खालच्या अंधाऱ्या कप्प्यात ठेवावी. स्वयंपाकघरात किंवा फ्रिजवर नको. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात घरात थंड जागाच नसेल, तर लागेल तेव्हाच आणलेली बरी. किंमत राज्यागणिक अबकारी करामुळे बदलते, तेव्हा बाटलीवरची एमआरपी वाचूनच पैसे द्या. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे.

थंड करणं हा अर्धा विजय आहे. हवं ते तापमान ६ ते ८ अंश. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवून किमान चार तास, दारातल्या खणात नको, कारण ती जागा सर्वांत गरम असते आणि दार उघड-मीट होताना बाटली हिंदकळते. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ आणि निम्मं पाणी, त्यात दोन मुठी मीठ. बाटली मानेपर्यंत बुडली तर २० ते २५ मिनिटांत तयार होते. नुसता बर्फ उपयोगाचा नाही, खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटलीला गारवा नीट लागत नाही. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर वाइन गोठून फुगते आणि बूच उडतं किंवा काच तडकते. पेल्यात बर्फ टाकू नये, पाणी तर होतंच, शिवाय खड्याच्या खडबडीत अंगावर बुडबुडे एकदम सुटून मिनिटात संपतात.

उघडताना आवाज न होणं हे कसब. कागद काढा, तारेच्या कडीला सहा अर्धे वेढे देऊन ती सैल करा, पण काढू नका. तार सैल झाल्या क्षणापासून अंगठा बुचावरच हवा. बाटली ४५ अंशांत तिरकी धरा, तोंड माणसांकडे किंवा दिव्यांकडे नको. एका हातानं बूच तारेसकट नॅपकिनमध्ये घट्ट धरा आणि दुसऱ्या हातानं बाटली तळाशी धरून फिरवा. बूच फिरवायचं नाही, बाटली फिरवायची. बूच वर येऊ लागलं की त्याला उलट खाली दाबून ठेवा, म्हणजे वायू हळूच फुस्स करून निघतो. फेस उसळला तर समजावं की बाटली पुरेशी गार नव्हती किंवा वाटेत हिंदकळली होती. गाडीतून आणल्यावर तिला तासभर उभी, स्वस्थ राहू द्या.

पेला ट्यूलिपसारखा, मध्ये फुगीर आणि वर निमुळता असलेला चांगला. अरुंद फ्लूटमध्ये बुडबुडे सुंदर दिसतात पण वास कोंडतो, आणि पसरट बशीसारख्या पेल्यात फेस पाच मिनिटांत मरतो. घरात पांढऱ्या वाइनचा साधा पेला असेल तर तोच वापरा. भांडी घासायच्या साबणाचा पुसटसा थर राहिला तरी बुडबुडे उठत नाहीत, ‘वाइन शिळी निघाली’ अशा कित्येक तक्रारींचं मूळ तिथेच असतं. गरम पाण्यात विसळून पेला पालथा निथळू द्या. ओतताना पेला तिरका धरून बाजूनं ओता. फ्रान्समधल्या रैम्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये मोजून दाखवलं की असं ओतल्यानं वाइनमध्ये वायू जास्त टिकतो. दोन टप्प्यांत, निम्म्याच्या थोडं वर. ७५० मि.ली.च्या बाटलीत १२५ मि.ली.चे सहा पेले होतात.

आता चखणा. हिशेब चार गोष्टींचा आहे. मिठानं वाइनचा आंबटपणा सौम्य वाटतो आणि तिच्यातलं फळ वर येतं. तेल-तुपाचा जिभेवरचा लेप आम्ल आणि बुडबुडे मिळून कापतात. या दोन बाजूच्या. साखर आणि तिखट या विरोधातल्या. गोडानंतर कोरडी वाइन पाणचट आणि आंबट लागते. तिखटाची जळजळ आणि वायूची चुणचुण एकमेकींत मिसळून दुप्पट होतात, वर मद्यार्काची ऊब. म्हणून मराठी पदार्थ बदलायची गरज नाही, त्यातलं तिखट निम्म्यावर आणायचं आणि गूळ-साखर-चिंच वगळायची.

कोथिंबीर वडी ही पहिली पसंती. एक मोठी जुडी कोथिंबीर धुऊन कापडावर पूर्ण सुकवा आणि बारीक चिरा, साधारण दोन वाट्या भरेल. त्यात एक वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, एक चमचा पांढरे तीळ, पाव चमचा हळद, पेरभर आलं, चारऐवजी एकच हिरवी मिरची आणि मीठ. गूळ नाही, चिंच नाही. मीठ लागल्यावर कोथिंबिरीला पाणी सुटतं, म्हणून दहा मिनिटं थांबून मगच लागेल तेवढं पाणी शिंपडा. गोळा पुरीच्या कणकेहून जरा सैल हवा, फार सैलावला तर मात्र वडी आत चिकट राहते. वळकटी करून २० मिनिटं वाफवा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना कापली तर चुरा होतो. पाऊण सेंटीमीटरचे काप करून थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस तळा. कोथिंबिरीचा हिरवा वास आणि शेनिन ब्लांचा सफरचंदी वास इतके जुळतात की सोबत चटणीची गरजच पडत नाही.

दुसरी जोडी बोंबील रवा फ्राय, आणि माझ्या मते या वाइनची ही सर्वांत मोठी शोभा. बोंबलात पाणी फार. पोटातून चिरून, मधला काटा काढून, उघडे बोंबील कापडात गुंडाळून वर पाटा किंवा जड वजन ठेवा, किमान अर्धा तास. हे टाळलं तर तव्यावर पाणी सुटतं, रवा गळतो आणि बोंबील लगदा होतो. आठ बोंबलांना अर्धा चमचा हळद, एक चमचा आलं-लसूण वाटण, मीठ, एक चमचा लिंबाचा रस आणि अर्धाच चमचा बेडगी मिरचीचं तिखट. पंधरा मिनिटं पुरे. जास्त वेळ ठेवलं तर मीठ पुन्हा पाणी काढतं. अर्धी वाटी बारीक रवा आणि पाव वाटी तांदळाचं पीठ मिसळून त्यात घोळवा आणि मध्यम आचेवर एका बाजूला तीन-चार मिनिटं. उलथायची घाई नको, रवा धरल्यावर तो आपोआप तव्यापासून सुटतो. वरून लिंबू पिळायचं तर थोडंच. खाणं वाइनपेक्षा आंबट झालं की वाइन फिकी पडते, त्यामुळे मुरवताना आगळ किंवा चिंचेचा कोळही नको.

मासे न खाणाऱ्यांसाठी साबुदाणा वडा, अर्थात उपवासाचा दिवस सोडून. एक वाटी भिजवलेला साबुदाणा, दोन मध्यम उकडलेले बटाटे, अर्धी वाटी दाण्याचं जाडसर कूट, जिरं, मीठ. नेहमीची चिमूटभर साखर घालू नका. साबुदाण्यात पाणी राहिलं तर वडा तेलात फुटतो आणि अंगावर उडतो, दाणा बोटांत सहज चुरडला गेला पण हाताला ओल लागली नाही म्हणजे भिजणं बरोबर झालं. सोबत गोड दही नको, नुसता वडाच खा.

कांदा भजी चालते, पण सोडा न घालता. सोड्याची साबणासारखी चव वाइनमध्ये उठून दिसते. त्याऐवजी पिठात एक चमचा कडकडीत तेलाचं मोहन घाला. भाजणीची चकली, उडदाचा पापड, बटाट्याचे खारे वेफर्स हे बिनकष्टाचे आणि अचूक. वेफर्सना कुणी हलकं समजू नये, पातळ, खारट, तेलकट बटाट्याइतकी ब्रूटला सोपी दुसरी जोडी नाही. लोण्याच्या गोळ्यासह थालीपीठ उत्तम, मात्र वर ठेचा नको. पारशी पद्धतीची पात्रानी मच्छीही, केळीच्या पानात खोबरं-कोथिंबिरीच्या वाटणात वाफवलेलं पापलेट, मिरची कमी ठेवली तर फार सुरेख जमते. गोव्यातली रवा लावून तळलेली कोळंबी छान, पण रेशाद मसाल्याचा बांगडा टाळा. त्यातला विनेगर आणि मिरची मिळून वाइन झोपवतात.

बटाटेवड्याबद्दल मत सावध आहे. वडा स्वतः चालतो, पण लसणाची लाल सुकी चटणी आणि चिंचेची गोड चटणी दोन्ही मारक. भाकरवडीत गोड, आंबट, तिखट तिन्ही एकत्र असल्यानं तीही अर्धवटच जुळते. अळूवडी गूळ-चिंचेशिवाय होत नाही आणि त्यांच्याशिवाय केली तर घसा खवखवतो, म्हणून तिला या टेबलावर ओढू नये. मालवणी सुकं, कोल्हापुरी तांबडा रस्सा, तर्रीची मिसळ यांच्यापुढे ही वाइन टिकत नाही, तिथे ताकच बरं. पुरणपोळी, श्रीखंड, मोदक आणि तो क्रीमचा केक यांना डेमी-सेक लागेल.

बाटली उरली तर मानेत चमचा लटकवून काही होत नाही. फेसाळ वाइनचं कडीवालं स्टॉपर मिळतं, ते लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी चांगली, तिसऱ्या दिवशी मंद. मूळ बूच परत घुसवायचा प्रयत्न करू नका, ते मध्येच उडतं. आणि बुडबुडे पूर्ण गेलेली वाइनही ओतून देऊ नये. अर्धा किलो तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून वाळू सोडू द्या, दोन चमचे लोण्यावर सहा-सात पाकळ्या लसूण परता, तिसऱ्या आणि २०० मि.ली. उरलेली ब्रूट घालून झाकण ठेवा. मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटांत शिंपले उघडतात. जे उघडत नाहीत ते काढून टाका, मीठ अगदी शेवटी चाखूनच घाला कारण तिसऱ्यांचं पाणी मुळात खारट असतं, आणि खाली राहिलेला रस पावानं टिपून घ्या.